मानपत्रातले तिसरे विधान

निपाणीच्या जैन समाजाने यंदा भरमाप्पा मगदूम यांना द्यावयाच्या मानपत्रात असे म्हटले होते की, "एकाहत्तर सालच्या युद्धकाळात राजस्थानच्या वाळवंटात जवानांना लष्करी वाहने चालविण्याचे शिक्षण देत असताना आपण सूर्यास्तानंतर अन्नाचा कण मुखी घातला नाही, गाळल्यावाचून पाण्याचा थेंब प्राशन केला नाही, आणि आपल्या हातून एकाही जिवाची हानी झाली नाही, रणभूमीवर राहूनही आपण कुळाचा धर्म राखलात." यातले पहिले विधान अशक्य, दुसरे असंभाव्य आणि तिसरे हास्यास्पद आहे, हे कळायला कोणी अर्धमागधीचा प्राध्यापक असावे लागत नाही. सुकुमार मगदूम मात्र तसा होता. बेळगावच्या एका महाविद्यालयात त्याने उभी हयात जुन्या पोथ्यांतले पाठ पारखण्यात घालवली होती, आणि मानपत्राचा सत्कारमूर्ती त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता. तेव्हा त्याने ते वाक्य एखाद्या संशयास्पद गाथेसारखे उचलून उजेडात धरले. वाळवंटात युद्धाच्या तोंडावर वाहने रात्री हलतात, कारण दिवसा हलली तर उडालेला धुरळा शत्रूला वर्दी देतो. तिथे शिकवायचे ते रात्रीचे, बिनदिव्याचे चालवणे. रात्रभर राबून दिवसा गाडीच्या सावलीत झोपणारा माणूस जेवतो केव्हा? एक तर तो अंधारात जेवला, नाही तर उपाशी राहिला. आणि भरमू लहानपणापासून उपाशी राहणाऱ्यांतला नव्हता. पाण्याचेही तेच. पाणी नुसते गाळून भागत नाही. गाळण्यात अडकलेले जीव ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत परत सोडावे लागतात, असे शास्त्र सांगते. टँकर कुठल्या विहिरीवर भरला हे टँकरवाल्यालाही नीट ठाऊक नसताना भरमूने ते जीव कुठे पोचवले? आणि तिसरे विधान? हिंसा तीन परींची: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि कुणी केल्यावर मनातून मान डोलावलेली. कृत, कारित, अनुमोदित. ज्याने शेकडो पोरांना तोफगोळे वाहून नेण्याइतपत तयार केले त्याच्या हातून जीव गेला नाही असे म्हणणे म्हणजे पहिल्या शब्दावर बोट ठेवून उरलेले दोन झाकणे होय. कुणी म्हणेल, संसारी माणसाला रक्षणासाठी केलेल्या हिंसेची मुभा आहे. ती आहेच. मग तसे लिहा. मुभा घ्यायची आणि वर व्रतही मिरवायचे, हे दोन्ही एका मानपत्रात बसत नाही.

एवढा सगळा युक्तिवाद निर्दोष होता, आणि तो सत्याच्या प्रेमापोटी उभा राहिलेला नव्हता. तो उभा राहिला एका आवाजामुळे. खासबागेतल्या घरी पुढच्या खोलीत सुकुमार डोळ्यांत औषध घालून आरामखुर्चीत पडला होता आणि त्याची बायको, त्रिशला, मोबाइलवर आलेले ते मानपत्र त्याला वाचून दाखवत होती. त्रिशलाचा वाचण्याचा आवाज सपाट. वीजबिल, मृत्युवार्ता, भाचीच्या बारशाचे निमंत्रण ती एकाच पट्टीत वाचते. एका प्राकृत ग्रंथाच्या संपादनात सुकुमारने आयुष्याची उमेदीची वर्षे घातली होती आणि तो ग्रंथ तिला अर्पण केला होता; ती अर्पणपत्रिकासुद्धा तिने त्याच पट्टीत वाचली होती आणि खाली मुद्रकाचे नाव आले तेही त्याच ओघात वाचून टाकले होते. तो आवाज 'एकाही जिवाची' या शब्दांपाशी आला आणि अडला. रस्त्यावर भाजीवाल्याच्या गाडीवरचा भोंगा कन्नडमधून टोमॅटोचा भाव सांगत होता, तो दोनदा सांगून झाला, तरी पुढचा शब्द आला नाही. मिटल्या डोळ्यांमागे सुकुमार वाट पाहत राहिला. "काय झालं?" त्याने विचारले. "काही नाही. चष्मा," ती म्हणाली, आणि उरलेले वाक्य तिने नीट, फार नीट, वाचून संपवले. चष्मा गेल्याच महिन्यात नवा केला होता. सुकुमारने डोळे उघडले तेव्हा औषधामुळे समोरचे सगळे पातळ झाले होते. त्या पातळ उजेडात पाठमोरी त्रिशला आत जाताना दिसली. एवढेच. यापलीकडे त्या दिवशी काही घडले नाही, आणि पुढचे कित्येक दिवस त्याच्या डोक्यात दुसरे काही घडले नाही.

मत्सर या शब्दाची व्युत्पत्ती त्याला तोंडपाठ होती. तो शब्द कुठल्या काळात मादक आनंदासाठी वापरला जाई आणि कुठे येऊन त्याची चव फिरली, याबद्दल त्याने एकदा तळटीपही लिहिली होती. पण तळटिपेत बांधलेला शब्द पोटात हिंडू लागला म्हणजे काय होते, हे त्याला एकोणऐंशीव्या वर्षी कळत होते. जेवताना तो त्रिशलाच्या हाताकडे पाहायचा. ती भाकरी मोडताना काय विचार करते? दिवस मावळायच्या आत ताटे घासायला टाकून ती गच्चीवर जाते तेव्हा निपाणीच्या दिशेला पाहते का? निपाणी कुठल्या दिशेला आहे हे त्याने गच्चीवर जाऊन ठरवले, आणि स्वतःची लाज वाटून जिन्यातच बसून राहिला. समाजाचा तरुण चिटणीस अतुल याचा फोन आला तो तिथेच. "सर, मानपत्राचं वाचन तुम्हीच करायचं हं. भाऊ भावाचं मानपत्र वाचतोय म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल." सुकुमार म्हणाला, "लोकांच्या डोळ्यांची तुम्हाला काळजी आहे, मजकुराची नाही. ते वाक्य खोटं आहे." अतुल हसला. "सर, मानपत्र हाय हो ते, पीएचडी न्हाय. थोडंफार चालतंय की." "तिसरं विधान तरी काढा." तिकडे अतुलचा आवाज एकदम वडीलधारा झाला. "तसं कसं काढायचं, सर? तुमच्या आईंचा शब्द हाय तो. अख्ख्या गल्लीनं त्यांच्या तोंडून ऐकलेला. आन् खरं सांगू काय, ते वाक्य काढलं तर राहतंय काय? ड्रायव्हर." सुकुमारने मग वाद घातला नाही. वाचन करायला तो तयार झाला. व्यासपीठावर उभे राहून, समोर पहिल्या रांगेत त्रिशला बसलेली असताना, ते वाक्य वाचायचे, थांबायचे आणि मग ते एकेका शब्दाने उसवायचे, असे त्याने मनात ठरवले. त्याला समाजाची पर्वा नव्हती. तिचा आवाज ज्या जागी अडला ती जागा त्याला रिकामी करून पाहायची होती.

आईचा शब्द. तो शब्द कुठून आला हे सुकुमारइतके कुणाला माहीत असणार? त्या हिवाळ्यात तो निपाणीच्या घरी प्रबंध लिहीत बसला होता. वडील वखारीत, तंबाखूचा उग्र, गोडसर वास घराच्या भिंतींतच मुरलेला. रेडिओवर युद्धाच्या बातम्या आणि खाली आई. भरमू परत येईपर्यंत तिने तूप सोडले होते. दिवस कलला की ती दारात यायची, पदर डोक्यावर घ्यायची आणि मावळतीकडे बघून कुणालाच न सांगता सांगायची, "माझा भरमू आता जेवून उठला असंल." रोज. शेजारची बाई विचारायची, "काय ओ आक्का, पोराचं काय कळलं काय?" आणि आई म्हणायची, "कळायचं काय त्यात? माझं पोर हाय ते. रातचं खाणार न्हाय, न गाळल्यालं पिणार न्हाय, मुंगी मारणार न्हाय." एका आईचा अंदाज शेजारणीच्या तोंडी साक्ष झाला, दोन पिढ्यांनी तो इतिहास झाला आणि आता छापून येणार होता. पोथ्यांचेही असेच होते. कुणा भाविकाने समासात लिहिलेले पुढचा लेखक मूळ संहितेत घुसडतो. हे सगळे सुकुमारला तेव्हाही दिसत होते. पण त्याला जे खरोखर दिसत होते आणि ज्यावर त्याने कधी काही लिहिले नाही, ते हे की, मावळतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या आईच्या पाठीमागे, पाच पावलांवर, तो स्वतः बसलेला होता. तोही दिवस मावळायच्या आत जेवून उठलेला होता, त्यानेही गाळलेलेच पाणी प्यायले होते आणि मुंगी मारली नव्हती. आणि आईने वळून एकदाही पाहिले नव्हते. घरात राहून धर्म पाळणाऱ्याचा धर्म कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. तो दिसावा म्हणून आधी दूर कुठेतरी तोफांच्या टप्प्यात जावे लागते.

भरमू गेला तोही सुकुमारच्याच खोलीतून. मॅट्रिकला दुसऱ्यांदा आपटल्यावर तो वखारीचा ट्रक चालवायला शिकला होता. वडिलांच्या जुन्या ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून, वयाच्या सोळाव्या वर्षी. भरती होती बेळगावला. सुकुमार तेव्हा तिथे वसतिगृहात राहून शिकत होता. भरमू आला, त्याच्या डब्यातले सगळे जेवण जेवला, त्याच्या गादीवर झोपला आणि पहाटे त्याचाच धुतलेला सदरा घालून मैदानावर गेला. जैनाच्या घरातला पोरगा फौजेत म्हटल्यावर गल्ली आठवडाभर कुजबुजली. मग आईने एक दिवस ते तीन वाक्यांचे कवच पोराला पहिल्यांदा चढवले आणि कुजबुज थांबली. सुकुमारला पहिला वर्ग मिळाला ती बातमी त्याच आठवड्यात आली होती. पेढे वाटले गेले. घेणारे हात पुढे करून विचारत होते, "भरमूची काय खबर?" सदरा परत आला नाही.

आणि मग त्रिशला. लग्न झाले तेव्हा भरमू अजून फौजेतच होता. लग्नाला आला, पंगतीत वाढले, सगळ्यांना हसवले आणि गेला. पेन्शन घेऊन आल्यावर त्याने निपाणीत मोटार शिकवायची शाळा काढली. लग्न केले नाही, का केले नाहीस असे विचारणाऱ्याला सांगायचा, "शेजारी बसून ब्रेक मारायची सवय लागलीय मला. कुठल्या बाईला चालंल?" बायका या वाक्यावर तोंडाला पदर लावून हसत. सुकुमारनेही त्याच्याकडे शिकून पाहिले होते. चौथ्या दिवशी क्लच सोडताना गाडी उसळली, एका पत्र्याच्या टपरीला टेकली, आणि भरमू मोठ्याने म्हणाला, "अण्णा, गाडीला सूत्र लागत न्हाय, पाय लागतोय." टपरीवाला हसला. सुकुमार उतरला आणि त्यानंतर त्याने आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नाही. त्रिशला शिकली. दिवाळीच्या, मेच्या सुट्टीत माहेरी निपाणीला जायची आणि दिरासोबत सकाळची बाहेर पडायची. परत यायची तेव्हा उजव्या हाताला कोपरापर्यंत ऊन लागलेले असायचे. तेव्हा सुकुमारने पाळत ठेवली होती, हे तो आज मान्य करू शकत होता, कारण पाळतीत काहीच सापडले नव्हते. एक चोरटा शब्द नाही, एक लांबलेली नजर नाही. सापडले असते तर त्याला तारीख घालता आली असती, प्रकरण मिटवता आले असते. काहीच न सापडल्यामुळे ते त्याच्यापाशी चाळीसएक वर्षे जसेच्या तसे राहिले, आणि तिचा आवाज अडल्याबरोबर पुन्हा श्वास घेऊ लागले.

समारंभाच्या दिवशी सकाळी दोघे निघाली. समारंभ दुपारचा होता, म्हणजे जेवणे उजेडी उरकतील. बहात्तर वर्षांची त्रिशला गाडी चालवत होती आणि एकोणऐंशी वर्षांचा सुकुमार शेजारी मांडीवर मानपत्राची फाइल घेऊन बसला होता. संकेश्वरच्या अलीकडे रस्ता रुंद करायचे काम चालले होते. बाण दाखवणाऱ्या फळीने गाड्यांना खाली, नुकत्याच ओतलेल्या भुसभुशीत मातीच्या वळणरस्त्यावर घातले होते. पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग. एका ट्रॅक्टरला वाट द्यायला त्रिशलाने गाडी कडेला घेतली आणि पुढची चाके भुशीत शिरल्यासारखी मऊ मातीत बसली. तिने एकदा पाय दाबला. चाके फिरली, गाडी आणखी खाली गेली. ती लगेच थांबली. ट्रॅक्टरवाला वरून ओरडला, "आजी, ढकलू काय?" "नको रं बाबा, ढकलून अजून खाली जातंय." "मग आजोबांना तरी उतरवा की! तेवढंच वजन कमी हुतंय!" मागच्या ट्रॉलीवरचे हसले. सुकुमार उतरला. त्रिशलाही उतरली, पदर खोचला, चाकापाशी उकिडवी बसली, अंबाड्यातली पिन काढली आणि तिच्या टोकाने चाकाच्या तोंडातली बारीक कळ दाबून धरली. सूं करून हवा सुटू लागली. "अवो आजी, पंक्चर करून गाडी चालतीय व्हय?" ट्रॅक्टरवाला आता उतरूनच आला होता. त्रिशला मान वर न करता म्हणाली, "उंटाचा पाय बघितलाईस काय कधी? पसरट असतोय म्हणून तो बुडत नाही. चाकाचा उंट करायचा." "कुठं शिकलासा हे?" "मिल्ट्रीत," ती म्हणाली, आणि सगळे पुन्हा हसले, पण या वेळी हसणे तिच्या बाजूचे होते.

सुकुमार हसला नाही. चाकाचा उंट. हे त्रिशलाचे वाक्य नव्हते. त्याचा घाट, त्यातला तो थोडासा बढाईखोर झोका, ऐकणाऱ्याला खिशात घालणारा आखूडपणा, सगळे भरमूचे होते. पन्नास वर्षे ज्या तोंडातून त्याच्या वाट्याला सपाट वाक्ये आली, त्या तोंडात दुसऱ्या कुणाचे तरी एक वाक्य अख्खे, न चावलेले, जपून ठेवलेले होते. दुसऱ्या चाकाचीही हवा थोडी सोडून ती आत बसली आणि गाडी जराही तक्रार न करता वर आली. डांबर लागल्यावर त्याने विचारले, "हे तुला कुणी शिकवलं?" "भावजींनी. दुसरं कोण शिकवणार?" "निपाणीत वाळू कुठं आहे?" "वेदगंगेच्या पात्रात नेली होती गाडी. उन्हाळ्यात पाणी नसतंय." "मला हे माहीत नाही." "तुम्ही तेव्हा म्हैसूरला होता. हस्तलिखितं बघायला." सुकुमारने फाइलीची दोरी बोटाला गुंडाळली. "किती वेळा?" "काय किती वेळा?" "नदीत." त्रिशलाने त्याच्याकडे पाहिले, रस्त्यावरून नजर काढून ती कधी पाहत नसे. "अहो," ती म्हणाली, "एकोणऐंशी वर्षांचे झालात." आणि तिने पुन्हा रस्त्याकडे नजर लावली. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच तोड झालेली उघडी रानं, त्यांच्यावर उतरलेले बगळे. सुकुमारला वाटत होते की आपण एका कोरड्या नदीतून चाललो आहोत आणि आपल्याला कुणी गाडीत घेतलेले नाही.

भरमूच्या शाळेच्या दारात त्याला सोडून त्रिशला चाकांत हवा भरायला पंपाकडे गेली. शाळा आता भरमूचा एक जुना विद्यार्थी चालवत होता. भरमू मागच्या खोलीत राहत होता. तो बनियनवर उभा राहून पँटला इस्त्री करत होता. पाठ अजून ताठ, पण मानेची कातडी सैल झालेली. "ये अण्णा. च्या टाकू? गाळल्यालं पाणी हाय, भिऊ नगो." सुकुमार बसला नाही. "मानपत्र मला वाचायचं आहे. वाचण्याआधी काही गोष्टी विचारायच्या आहेत." "इचार की. वहिनी कुठाय?" "पंपावर. चाकांची हवा कमी केली होती." "मऊ मातीत गेलती व्हय?" भरमूचा चेहरा उजळला. "पिन वापरली का न्हाय? लई भारी चालवतीया. दीड हजार पोरं शिकवली असतील मी हितं, पण हात आसा कुणाचा न्हाय." सुकुमारने हे ऐकून घेतले, आणि वर्गात बोलायचा तसा बोलला. "वाळवंटात तुम्ही रात्री चालवत होता आणि दिवसा झोपत होता. मग तू जेवत केव्हा होतास?" भरमूने इस्त्री उभी करून ठेवली. "रात्री." "रोज?" "लंगर रात्रीच यायचा. डाळ आन् रोट्या. अंधारात किडा पडला का काय, दिसायचं बी न्हाय. खायचो." "आणि पाणी? गाळून?" "पयलं काही दिवस. मग न्हाय." एवढे सोपे. सुकुमारने याच्यासाठी रात्र रात्र प्रश्न रचले होते; एकही वापरावा लागला नाही. छातीत काहीतरी सैल, उबदार पसरले, आणि ते सुख आहे हे त्याच्या लक्षात आले. "हे तू तिथं, सगळ्यांसमोर सांगशील?" "सांगतो की." "त्रिशलासमोर?" ज्या प्रश्नासाठी भाऊ इतक्या लांब आला तो हा, हे भरमूला आत्ता कळले असावे. "वहिनीसमोर बी," तो म्हणाला. "पण तिसरं राहिलं." सुकुमारला आता उदार होणे परवडत होते. "तिसऱ्याचं राहू दे. तो नुसता अलंकार आहे. मुंगी मारली नाही, वगैरे. असल्या वाक्याला कोणी पुरावा मागत नाही." "न्हाय," भरमू म्हणाला. "तिसरंच घे." त्याने इस्त्रीचे बटण बंद केले, पँटची घडी घालून ती खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि खाटेच्या कडेला बसून, हात गुडघ्यांवर ठेवून, भरमाप्पा मगदूम जे बोलला ते जसेच्या तसे असे होते:

"लोंढ्याकडचं एक पोरगं हुतं माझ्या हाताखाली. रवळू. जंगलातलं, लई गुणी. दिवसा स्टिअरिंग धरलं की गाडी त्याचं ऐकायची. पण दिवस कलला की त्याला दिसायचं न्हाय. भरतीत कुणाला कळलं न्हाय, मला पयल्या आठवड्यात कळलं. रात्री दिवं न लावता चालवायचं आसायचं. म्होरच्या गाडीच्या बुडाला पांढरा रंग आन् वाटीएवढा उजेड, तेवढाच बघत मागनं यायचं. त्याला त्यो बी नीट दिसंना. माझं पाय धरलं त्यानं. म्हणाला, उस्ताद, गावानं वाजत गाजत पाठवलंय मला, परत गेलो तर कुठं तोंड दावू? मग आईनं दिल्यालं पाण्याचं गाळणं, पांढरं फडकं त्ये, मी माझ्या गाडीच्या मागं बांधलं, दुहेरी करून, त्या उजेडावर. तेवढं मोठं पांढरं त्याला दिसायचं. त्या दिसापासनं मी पाणी गाळलं न्हाय. रोज रात्री त्यो माझ्या गाळण्यामागनं चालला, परीक्षेत बी तसाच चालला, आन् मी सायबाला म्हटलं, पास. लढाई लागली तवा त्याला दुसऱ्या तुकडीत दिला. तितं म्होरच्या गाडीला गाळणं न्हवतं. वाळूच्या टेकाडावरनं गाडी आडवी गेली, पाण्याच्या टाकीसकट त्याच्या अंगावर. गोळी न्हाय, बॉम्ब न्हाय, काय न्हाय. सायेब म्हणाला, नायक, तुझा ह्यात दोष न्हाय. दोष माझा हाय. मीच मारलं त्याला, अण्णा. वहिनीला एकदा नदीत गाडी शिकवताना हे सांगितलं. तिनं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आन् ऊन उतरस्तवर माझ्याशेजारी गप बसली. एक सवाल केला न्हाय. अतुलला मी दोनदा म्हटलं, ते वाक्य काढ. त्यो म्हणाला, आक्काचा शब्द हाय. मग मीच त्याला म्हटलं, वाचायला अण्णाला बोलाव. खोटं दिसलं की खोडणारा आमच्यात त्योच एक हाय. आज खोडून टाक, माझी ना न्हाय. पण तुला एवढ्या वर्सांत का सांगितलं न्हाय म्हणून आसा बघू नगोस माझ्याकडं. तू ऐकलं नसतंस, अण्णा. तपासलं असतंस."